घासावर वाढलेला हिरा

"मला मशीन लागत नाही. हिरा माझ्यापुढं आला की तो स्वतःहून आपलं गाव सांगतो!"

एवढं बोलून दिगंबर पोतदारांनी माइक जरा लांब केला आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या पडल्या. बोरढोणच्या माणसाचं टाळ्यांच्या बाबतीत काही अडत नाही. चहा यायला उशीर झाला तरी तो वाजवतो.

साल दोन हजार एक्केचाळीस. बोरढोण विभाग सहकारी दूध व हिरा उत्पादक संघाची वार्षिक सभा. नावातला 'हिरा' दोनच वर्षांपूर्वी आत घुसला होता. त्याआधी संघ नुसतं दूध गोळा करायचा. मग चेअरमन जिनगोंडा मगदूम कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना ट्रकमधून सहा भट्ट्या घेऊन आले.

भट्टी म्हणजे विस्तव नव्हे. भाजी गरम करायचा मायक्रोवेव्ह असतो ना, त्याचाच पैलवान थोरला भाऊ. गोबरगॅसमधली घाण गाळली की मिथेन उरतो. मिथेन म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले चार हायड्रोजन. हा मिथेन, त्याच्या कितीतरी पट हायड्रोजन आणि बुडाशी बी म्हणून हिऱ्याची नखाएवढी चकती. लहरी सोडल्या की आतला वायू जांभळा पेटल्यासारखा दिसतो, रेणू फुटतात, आणि मोकळा झालेला कार्बन त्या चकतीवर येऊन बसतो. थरावर थर, थरावर थर. तीन-चार आठवड्यांत चकतीचा खडा होतो. पैलू पाडले की हिरा. काच नाही, नकली नाही. तोच कार्बन, तीच रचना, तेवढाच कठीण. फक्त आई वेगळी. एकाची धरणी, दुसऱ्याची म्हैस.

पोतदारांचं आयुष्य ह्या 'फक्त'वर उभं होतं. बाजारपेठेतल्या त्यांच्या पेढीवर पाटी होती: 'येथे फक्त धरणीमातेचा हिरा मिळेल.' गेली दोन वर्षं ते लग्नात, बारशात, एकदा तर एका दहाव्यालाही, शेणाच्या हिऱ्याविरुद्ध बोलले होते. त्यामुळंच मगदूम चेअरमननी त्यांना सभेचे प्रमुख पाहुणे केलं होतं. जिनगोंडा मगदूम ज्याला पाडायचं असेल त्याला आधी हार घालतात, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. पोतदारांनाही माहीत होतं. पण हार मोठा होता.

"दिगूशेठ," मगदूम दुसऱ्या माइकवर म्हणाले, "तुमचा हिरा काढायला डोंगर उकरावा लागतोय. आमचा म्हशीमागं पाटी धरली की झालं. मग फरक काय वो?"

"फरक काळाचा आहे, चेअरमन. माझा हिरा दोनशे कोटी वर्षं जमिनीत तपश्चर्या करून येतो. तुमचा काल सकाळी वैरण होता!"

हशा झाला. पोतदारांना वाटलं, सभा जिंकली. तेवढ्यात मगदूमांनी काळ्या मखमलीचं ताट पुढं केलं. ताटात दहा हिरे. पाच संघाचे, पाच पोतदारांच्याच पेढीतून सकाळी आणलेले.

"सांगा मग गावं त्यांची."

पोतदारांनी बाह्या मागं सारल्या. भिंगसुद्धा घेतलं नाही. एकेक खडा चिमट्यात धरून उजेडात फिरवला, एकाचा तर वास घेतला, आणि बारा मिनिटांत दोन ढीग केले. डावीकडं म्हैस, उजवीकडं धरणीमाता. मग हात झटकून ते खुर्चीत मागं रेलले.

मंडपाशेजारी एक पांढरी व्हॅन उभी होती. तपासणीचं मशीन घेऊन गावोगाव फिरणारी. तिच्यातून तस्नीम मुजावर नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची इंजिनिअर उतरली, ताट आत घेऊन गेली आणि सात मिनिटांनी कागद घेऊन परत आली. तिचा चेहरा डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडं बघतात तसा झाला होता.

"सर, दहापैकी शून्य."

"म्हणजे? एकही शेणाचा नाही?"

"एकही बरोबर नाही. डावीकडचे पाचही नैसर्गिक आहेत. उजवीकडचे पाचही संघाचे."

डोळे मिटून हात घातला असता तरी चार-पाच बरोबर आले असते. शून्य यायला अभ्यास लागतो. पोतदारांनी तो चाळीस वर्षं केला होता.

"तुमची चूक नाही, सर," तस्नीम समजुतीनं म्हणाली, आणि मंडपातल्या सहाशे लोकांनी कान टवकारले. "तुम्ही स्वच्छ दिसणारे खडे नैसर्गिक धरले. पण जमिनीतल्या हिऱ्यात नायट्रोजन घुसलेला असतो, त्यानं बऱ्याचदा किंचित पिवळट झाक येते. आणि तो नायट्रोजन कोट्यवधी वर्षं त्या उष्णतेत हळूहळू सरकत सरकत एकमेकांजवळ येतो. जोड्या जमतात, चौकड्या जमतात. भट्टीतल्या हिऱ्याला तेवढा वेळच नसतो. तिथला नायट्रोजन असला तर एकेकटा. हे डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसतं."

"जोड्या जमायला दोनशे कोटी वर्षं?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्या पोराच्या जातीतला दिसतोय त्यो नायट्रोजन!"

मंडप हसून कोसळायचा बाकी राहिला. पोतदारांचा चेहरा हारातल्या झेंडूसारखा झाला.

ते हसणं सगळ्यात जास्त बोचलं ते बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या शालनकाकूंना. शालन म्हणजे पोतदारांची बायको. सदतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं हसं झालेलं तिनं पुष्कळदा बघितलं होतं, पण ते तिनं स्वतः केलेलं असायचं. दुसऱ्यांनी केलेलं तिला चालत नसे. ती उठली आणि तरातरा व्यासपीठावर आली. तिच्या कानात कुड्या होत्या. प्रत्येकीत सात, असे चौदा हिरे. पोतदारांच्या पणजीच्या कुड्या. लग्नात शालनच्या कानात आलेल्या. एरवी त्या पेढीच्या तिजोरीत असत आणि सणावारापुरत्या, लग्नकार्यापुरत्या बाहेर येत.

"बाई," तिनं तस्नीमला हाक मारली, "ह्या बघ जरा. चार पिढ्यांच्या आहेत. लोकांना कळू दे पोतदारांच्या घरात खरं काय असतं ते."

आणि ती मळसूत्र फिरवायला लागली.

पोतदार खुर्चीतून ताडकन उठले. बारा वर्षांपूर्वी कुड्या धुताना एक हिरा निसटून मोरीत गेला होता. मोरीतून गटारात, गटारातून पंचगंगेत. त्यांनी पेढीतल्या डावीकडच्या खालच्या कप्प्यातून एक भट्टीतला खडा काढला, जो ते फक्त 'लोकांना फरक दाखवायला' ठेवत असत, आणि तो बसवला. शालनला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाले. बारा वर्षं तो उद्या काही आला नव्हता.

"शालन, अगं नको! त्या मशीनमधनं किरण निघतात."

"माझ्या अंगावर नाही पडत ते. कुड्यांवर पडतात."

"जुन्या घडणीच्या आहेत, वितळतील!"

"नाही वितळत, सर," तस्नीम म्हणाली. "आपण फक्त उजेड टाकतो."

कुड्या व्हॅनकडं निघाल्या. पोतदारही व्हॅनकडं निघाले, चालता चालता त्यांचा पाय वायरीत अडकला, म्हणजे त्यांनी तो अडकवला, आणि प्लग निघाला. पंखे बंद पडले. माइक चालू राहिला. व्हॅनमधून आवाज आला, "काळजी नको, बॅटरीवर आहे."

सात मिनिटं. पोतदारांनी त्या सात मिनिटांत चार वेळा चष्मा पुसला आणि मनातल्या मनात वाक्य तयार केलं: एक खडा पूर्वी कधीतरी कारागिरानं बदलला असावा. एकच तर आहे. चौदातला एक. माणसाच्या तोंडात एखादा दात खोटा असतोच की.

तस्नीम बाहेर आली. ह्या वेळी ती कागदाकडंच बघत होती.

"चौदापैकी तेरा भट्टीतले आहेत. एक नैसर्गिक."

"तेरा?" पोतदार ओरडले. "तेरा कसे? एकच होता!"

माइक त्यांच्या हातातच राहिला होता. शेवटचे दोन शब्द मंडपात, मंडपाबाहेर आणि एसटी स्टँडापर्यंत पोचले. त्यानंतर इतकी शांतता झाली की मागं आचाऱ्यानं जिलेबी टाकल्याचा चर्र आवाज आला.

शालननं नवऱ्याकडं बघितलं. कुड्या घेतल्या, रुमालात बांधल्या आणि रिक्षा करून घरी गेली. पोतदार मागून चालत आले. हार गळ्यातच होता.

*

घरी सोप्यात पोतदारांच्या आई, गोदाक्का, जपमाळ ओढत बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, कान तिखट. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच आली होती. शेजारची एसटी स्टँडावर होती.

शालननं तस्नीमचा कागद पाटावर पसरला. भट्ट्यांचीही मॉडेलं असतात, मोटारींसारखी. कुठल्या साली कुठल्या पद्धतीनं थर चढवायचे, ह्यावरून मशीन खड्याचं साल सांगतं. कागदावर होतं: सहा खडे दोन हजार पंधराच्या आसपासचे. सहा खडे बावीस ते सत्तावीसमधले. एक एकोणतीसचा.

"एकोणतीसचा माझा," पोतदार म्हणाले. "मोरीत गेला. शप्पत, एवढाच."

शालननं कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि सासूकडं बघितलं. जपमाळ थांबली.

"ते सहा माझे," गोदाक्का म्हणाल्या.

"आक्का!"

"ओरडू नकोस दिग्या. वाटणीत तुझ्या बहिणीला काय दिलंस? पितळी समया. दर पंचमीला पोर माहेरी यायची आणि ह्या कुड्यांकडं बघून सासरी जायची. मग मी दर पंचमीला एक खडा तिच्या ओटीत घालायची. त्या जागी तुझ्या खालच्या कप्प्यातला बसवून घ्यायची. तुझाच कारागीर बसवून द्यायचा."

"सहा पंचम्या?"

"सातवीला तिचा नवरा म्हणाला, बास."

"आणि हे सहा? पंधरा सालचे?"

मग तिघांचीही नजर एकदम भिंतीवर गेली. भिंतीवर पोतदारांच्या वडिलांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. वडील वीस साली गेले. त्याआधी तिजोरीची किल्ली त्यांच्याकडं असे.

"दर गुरुवारी मिरजेला जायचे," गोदाक्का हळूच म्हणाल्या. "म्हणायचे, दत्ताला जातो."

"आक्का, आता कशाला..."

"मिरजेत दत्त आहे का रे?"

"असेल की."

"असेल म्हणजे? आहे का नाही?" म्हातारी फोटोखाली खुर्ची ओढून तिच्यावर उभी राहायला लागली. तो चंदनाचा हार त्यांनी त्याच संध्याकाळी काढला. उरलेला एकुलता एक धरणीमातेचा हिरा मागून घेतला, पदराच्या गाठीत बांधला, आणि पुढचे दोन महिने त्या येईल त्याला मिरजेतल्या देवळांची चौकशी करत राहिल्या.

शालन शेवटी बोलली ती जेवणं झाल्यावर, ताटं उचलता उचलता.

"सदतीस वर्षं मी त्या घालून मान ताठ करून बसत होते. तुम्ही मला काचा घातल्या असत्यात तरी चाललं असतं. सांगून घातल्या असत्यात तर."

"मी नव्या करतो. चौदाच्या चौदा नैसर्गिक. उद्याच मुंबईला..."

"नैसर्गिक नको." तिनं ताट खाली ठेवलं. "जमिनीखाली काय झालं ते कुणी बघितलंय? तुम्ही सांगायचं, मी मानायचं. झालं तेवढं पुरे. आता म्हैस आणायची. ती माझ्यासमोर खाईल, माझ्यासमोर शेण टाकेल. ते तुम्ही स्वतः संघात न्यायचं, त्याचे हिरे करून आणायचे. आपल्याच म्हशीचे. त्या कुड्या ज्या दिवशी मी घालीन, त्या दिवशी तुमच्याशी बोलीन."

"शालन, माझ्या पेढीवर पाटी आहे!"

शालन बोलली नाही. सुरुवात झाली होती.

*

म्हैस आली. मुऱ्हा, शिंगं कानापाशी गुंडाळलेली, चेहऱ्यावर बँकेतल्या अधिकाऱ्याचा भाव. शालननं तिचं नाव राणी ठेवलं आणि वैरणीचा नियम केला. नियम ती सोप्यात उभी राहून म्हशीला सांगायची आणि पोतदारांनी तो ऐकायचा.

"राणी, तुला उसाचं वाडं मिळायचं नाही. मका नाही. फक्त लसूणघास आणि भाताचं पिंजार. कळलं का?"

हे तिला तस्नीमकडून कळलं होतं. शालन दुसऱ्याच दिवशी व्हॅन गाठून सगळं विचारून आली होती. कार्बनमध्येही दोन भाऊ असतात, एक हलका, एक किंचित जड. ऊस, मका, शाळू असली पिकं हवेतून जड भाऊ जास्त घेतात. घास आणि भात कमी घेतात. म्हशीनं जे खाल्लं त्याची खूण शेणात उतरते, शेणातून गॅसमध्ये, गॅसमधून हिऱ्यात. हिऱ्याचा डोळ्याला न दिसणारा कण लेसरनं उडवून तपासला की मशीन सांगतं, म्हैस काय खात होती. बोरढोणात सगळ्या म्हशी उसाच्या वाड्यावर, म्हणजे तोडलेल्या शेंड्यांवर. राणी घासावर. म्हणजे राणीचा हिरा वेगळा ओळखू येणार, लबाडी करता येणार नाही.

रोज पहाटे साडेपाचला पोतदार उठत. बादली भरत. स्कूटरवर पायांपाशी ठेवत आणि दोन गुडघ्यांत धरून संघात नेत. पेढी बाजारपेठेत, संघ बाजारपेठेपलीकडं. वाटेत त्यांच्याच पेढीवरची त्यांचीच पाटी लागे.

"शेठ, धरणीमाता आज पातळ झाली काय वो?" चहाच्या गाड्यावरून आवाज येई.

"बादलीत बघा कुणाला तपश्चर्या दिसती का!"

संघातला कारकून शेण वजन करून रीतसर पावती द्यायचा. पावती दुधाचीच, फॅटच्या रकान्यात तो सवयीनं रेघ मारायचा. मगदूम चेअरमन रोज गॅलरीत दात घासत उभे असत आणि पोतदारांना दुरून नमस्कार करत. आयुष्यात इतक्या आनंदानं दात घासलेला माणूस पोतदारांनी पाहिला नव्हता.

इकडं गाव बिघडलं होतं. सभेत तेरा ऐकल्यापासून कुणाला चैन नव्हतं. व्हॅनपुढं रांगा लागल्या. एकीची अंगठी खरी निघाली तर ती जास्तच खवळली. नवऱ्यानं एवढा खर्च गुपचूप केला तर आणखी काय काय केलं असेल? एका साखरपुड्यात दोन्हीकडचे हिरे भट्टीतले निघाले आणि दोन्हीकडच्यांना इतका आनंद झाला की लग्न आठ दिवस अलीकडं घेतलं. एका डॉक्टरांच्या बायकोनं नाकातली चमकी तपासायला काढायला घेतली, तेव्हा डॉक्टरांनी तिचं नाक दाबून धरलं म्हणून पोलीस आले. आणि सगळे शेवटी पोतदारांच्या पेढीत येऊन एकच विचारत:

"शेठ, धरणीमातेचा चांगला का म्हशीचा?"

पोतदार तोंड उघडत. दोनशे कोटी वर्षं जिभेवर येत. मग त्यांना नखांतलं शेण दिसे आणि ते म्हणत, "तुमच्या घरी काय खपेल ते बघा."

बायको बोलत नव्हती. पोतदारांना झोप लागत नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही समोर कान लागतात. एकदा त्यांनी म्हशीला सांगून बघितलं, शालनच्या पद्धतीनं. "राणी, आज आमटी झकास झाली होती." शालननं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. हसली की शिंकली, कळलं नाही. पोतदारांनी तो सबंध दिवस ह्या प्रश्नावर काढला.

*

बेचाळीस दिवसांनी संघातून निरोप आला: माल तयार. चौदा खडे पैलू पाडून आले. पोतदारांनी शालनसमोर बसून स्वतःच्या हातानं कुड्यांत बसवले. चुकून एखादा पडेल म्हणून त्यांनी मोरीचं तोंड आधीच पोत्यानं बुजवलं होतं.

मग दोघं व्हॅनकडं गेली. तस्नीमनं कुड्या आत नेल्या. मगदूम चेअरमन सहज म्हणून आले होते, धुतलेली टोपी घालून.

कागद आला. तस्नीमनं वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"चौदाही भट्टीतले. मिथेन शेणाचाच."

पोतदारांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पण घास नाही दिसत, मावशी. असलाच तर नावापुरता. बाकी सगळं उसाचं वाडं. जवळजवळ शंभर टक्के."

शालननं हळूहळू पोतदारांकडं मान वळवली. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलली, पण असं बोलणं कुणाला हवं होतं?

"परत?"

"शालन, नाही! देवाशप्पत! आईशप्पत! राणीशप्पत! रोज मी स्वतः, ह्या गुडघ्यांत धरून... पावत्या आहेत माझ्याकडं! चेअरमन, सांगा की हो! माझं शेण कुठं गेलं?"

"कुठं जाणार?" मगदूम म्हणाले. "टाकीत."

"माझं दुसऱ्या कुणाच्या टाकीत घातलंत?"

"सगळ्यांच्या. टाकी एकच हाय की वो."

"एकच?"

"मग? दोनशे तेरा सभासद हायती. दोनशे तेरा टाक्या बांधू काय? दूध आलं की कॅनात एकत्र, शेण आलं की टाकीत एकत्र. संघ हाय हा, दिगूशेठ. पेढी न्हवं."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. शेणाला जाणाऱ्या पोराला माहीत होतं, चहाच्या गाड्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पोतदारांना, कारण पोतदारांच्या सात पिढ्यांत संघात कुणी लोटाभर दूधसुद्धा घातलं नव्हतं. त्यांच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं सोनं चिठ्ठी लावून वेगळ्या पुडीत ठेवतात. पावती मिळाली म्हणजे पुडी वेगळी असणार, एवढा त्यांचा हिशेब.

"मग तुम्ही मला बेचाळीस दिवस सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं न्हाई," मगदूम म्हणाले. "आनि खरं सांगू? सकाळी सकाळी तुमाला बघून लई बरं वाटायचं."

पोतदार व्हॅनच्या पायरीवर मटकन बसले. बेचाळीस बादल्या. धोतराचे दोन्ही गुडघे पिवळे. सगळ्या गावाचं हसू. आणि कुड्यांत राणीचा हिस्सा किती? दोनशे तेरातला एक.

तेव्हा शालन हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पदरातून. व्हॅनला धरून हसली. "अहो," ती म्हणाली, "म्हणजे माझ्या कानात अख्खं गाव आहे की!"

"त्यात चेअरमनच्यापण म्हशी आहेत," पोतदार कष्टानं म्हणाले.

"बाळूच्या आहेत. नानूच्या विधवेच्या आहेत. त्या पोस्टमनची एक भाकड आहे, तीपण." तिनं डोळे पुसले. "पण तुम्ही नेलंत. रोज नेलंत. मी खिडकीतनं बघत होते. पावसात टोपी बादलीवर घातलीत एक दिवस, डोक्यावर नाही. ते खोटं नव्हतं."

"नव्हतं."

"द्या इकडं."

तिनं तिथंच, व्हॅनच्या आरशात बघून, कुड्या घातल्या. तस्नीमनं त्यांचा फोटो काढला. मगदूमांनी टाळी वाजवली, ह्या वेळी चहाचा काही संबंध नसताना. घरी येताना शालन स्कूटरवर मागं बसली आणि सबंध रस्ताभर बोलत राहिली: भाजीतलं मीठ, बहिणीला बोलावायचं, गोदाक्कांना एकदाचं मिरजेला नेऊन आणायचं, ती पाटी उतरवायची. पोतदार 'हं' म्हणत राहिले. बेचाळीस दिवसांची थकबाकी होती. त्यांना ती गोड लागत होती.

घरी आल्या आल्या शालन गोठ्यात गेली. आनंदाच्या भरात राणीला तिनं पहिल्यांदाच उसाचं वाडं घातलं आणि तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं. डाव्या कुडीचं मळसूत्र सैल होतं. कुडी वाड्यात पडली आणि राणीनं ती वाड्याबरोबर खाल्ली.

पशुवैद्य आले. त्यांनी राणीच्या पोटाला कान लावला आणि सांगितलं, नशीब असेल तर तीन-चार दिवसांत येईल. रोजचं शेण पाण्यात कालवून चाळा. पहिल्या दिवशी पोतदारांनी आणि शालननं मिळून चाळलं. नव्हती. दुसऱ्या दिवशी चाळलं. नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पोतदार सवयीनं उठले, बादली भरली, स्कूटर काढली आणि सोळा किलो शेण न चाळताच संघाच्या टाकीत ओतून आले.